टोपलीतल्या बाळंतशोपा

अमेरिकेतल्या एका छोट्या म्युझियममध्ये, तिथल्या मूळ रहिवासी मोहेगन लोकांच्या एका फार जुन्या टोपलीत, मी मूठभर बाळंतशोपा टाकून आले होते. कुणाचं लक्ष नाही असं पाहून, गुपचूप, वर झाकण लावून. आणि बाहेर पडताना माझ्या तोंडावर सत्यनारायण नीट पार पडल्यावर असतं तसलं समाधान होतं.

आता कुणी विचारेल, शहाणी बाई असं करेल का? नाही करणार. पण मी तेव्हा शहाणी नव्हते. साठीच्या अलीकडची होते आणि मला सगळं कळत होतं. सगळं कळत असण्याचं वय फार वाईट. आता सत्तरी ओलांडली, पुष्कळसं कळेनासं झालंय आणि जिवाला बरंच बरं वाटतंय.

हे सगळं आठवायचं कारण मका. परवा देवळ्याहून भाच्याचा फोन आला. माझं माहेर तिकडचं. भाऊ गेला, पण भाच्यानं माहेर चालू ठेवलंय.

"आत्या, यंदा मका लय भारी निघालाय. गोणी धाडू का?"

"गोणी ठेवू कुठे रे? फ्लॅट आहे हा, खळं नाही."

"मग थोडा धाडतो, कांद्याच्या टेम्पोतून. मामांचे दात शाबूत हायेत ना अजून?"

मामा म्हणजे आमचे हे. दात शाबूत आहेत, पण ते रात्री वाटीत असतात, हे मी भाच्याला सांगितलं नाही. माहेरी नवऱ्याची अब्रू राखावी लागते.

तर मका आला. दसरा होऊन गेलाय, दिवाळीची साफसफाई निम्मी झालीय, नाशिकरोडला पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते आणि दुपारी तीच शाल नकोशी होते, असे हे दिवस. देवळ्याच्या वाटेवर आत्ता अर्धा रस्ता गाड्यांचा आणि अर्धा मक्याचा असेल. डांबरावर पिवळं वाळवण पसरलेलं, कडेला दगड मांडलेले आणि एखादी म्हातारी काठी घेऊन कोंबड्या हाकलत बसलेली. लहानपणी ते कोंबड्या हाकलायचं काम माझं होतं. मी कोंबड्यांना गुपचूप दाणे टाकायचे आणि मग मोठ्यानं ओरडून हाकलायचे. लबाडी तेव्हापासूनचीच.

आज सकाळी मूठभर दाणे लोखंडी कढईत टाकले. भाजल्या मक्याचा वास सुटला आणि मी माझ्या स्वयंपाकघरात उरलेच नाही. देवळ्यालाही गेले नाही. तडक अमेरिकेत, कनेटिकटातल्या त्या टेकडीवरच्या दगडी म्युझियमात जाऊन उभी राहिले, लाल-पिवळ्या झाडांच्या मधे, मोजे घातलेल्या पायांत कोल्हापुरी चप्पल अडकवून.

त्या वर्षीचे हे दिवस मी तिकडे काढले होते. मुग्धाचं, माझ्या मुलीचं, पहिलं बाळंतपण. रीत अशी की लेकीनं माहेरी यायचं. ती येऊ शकत नव्हती, म्हणून माहेरच दोन बॅगांत भरून निघालं. डिंक, अळीव, खारीक, सुंठ, मेथ्या, वावडिंग. मी बाळंतपणाला निघाले होते की तिकडे किराणा दुकान टाकायला, असं विमानतळावर कुणीही विचारलं असतं. बाळंतशोपांचा डबा मात्र हातातल्या पर्समध्ये. बाळंतशोपा म्हणजे बाळंतिणीची सुपारी. शेपूचं बी, बडीशेप, ओवा, तीळ. सगळं मिठाच्या पाण्याचा हात लावून कढईत खमंग भाजायचं आणि त्यात भाजका खोबऱ्याचा कीस घालायचा. जेवणानंतर चिमूटभर तोंडात टाकायची. अंगावरचं दूध वाढतं, असं माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची. तपासून कुणी पाहिलेलं नाही, पण चव चांगली लागते. निघायच्या आदल्या दिवशी मी स्वतः, आज मका भाजला त्याच कढईत, भरपूर भाजून घेतल्या होत्या.

मुग्धानं त्यांना हात लावला नाही. लाडवांनाही नाही. ती रडत नव्हती, चिडत नव्हती. बाळाला पाजायची आणि पाजून झालं की कुरियरवाल्याला पार्सल द्यावं तशी माझ्या हातात द्यायची. मग भिंतीकडे तोंड करून निजायची. काही विचारलं की एक शब्द. हो. नको. ठीक. लहानपणी या मुलीची बडबड थांबावी म्हणून मी तिला शेंगा सोलायला बसवायचे. आता तिच्या तोंडून एक आख्खं वाक्य निघावं म्हणून मी घरभर फिरत होते. कुठल्या विषयावर म्हणून बोलले नाही! शेजारच्या काकूंचा गुडघा, अंबडला कुणाच्या मुलाला लागलेली नोकरी, कांद्याचा भाव. आता वाटतं, भिंतीकडे तोंड करून निजणारी मुलगी जागीच होती आणि मुद्दाम डोळे मिटत होती. मी असते तर मीही मिटले असते.

जावई, केदार, तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. डॉक्टर म्हणाल्या, बाळंतपणानंतर काही जणींना होतं असं, हा आजार आहे, बरा होतो. औषध दिलं. रोज थोडं तरी घराबाहेर पडायला सांगितलं. घरी आल्यावर मी काय म्हणाले असेन? "आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही."

केदारनं औषध टेबलावर ठेवलं आणि माझ्यासाठी चहा टाकला. भला मुलगा. दुसरा असता तर त्यानं मला त्याच संध्याकाळच्या विमानात बसवलं असतं.

आमच्या वेळी होतं. माझी मोठी जाऊ धाकट्याच्या वेळी महिनाभर अशीच भिंतीकडे तोंड करून निजली होती. आम्ही सगळ्या तिला आळशी म्हणायचो, आणि त्या सगळ्यांत माझा आवाज जरा मोठाच असायचा. हे मला कनेटिकटात, लाडू वळता वळता आठवलं, आणि हातातला लाडू फुटला. माझं परतीचं तिकीट डिसेंबरचं होतं. या अशा मुलीला इथे ठेवून मी विमानात बसायची कशी? हा एकच विचार त्या दिवसांत मला पुरायचा. बाहेर झाडं अशी रंगली होती की त्यांच्याकडे बघायची लाज वाटायची.

एका रविवारी केदार म्हणाला, "चला, पानांचे रंग बघायला जाऊ." मुग्धा आली, कारण नको म्हणायलाही तिच्यात जोर नव्हता. मागच्या सीटवर ती आणि बाळ, पुढे मी. डोंगर, नदी, पिवळी झाडं. नदीचं नावही थेम्स. म्हटलं, इंग्रज जिकडे गेले तिकडे बारसं करत सुटले. पण माझं लक्ष नदीत नव्हतं. सकाळी मी शेगडीपाशी उभ्या उभ्या दोन कप चहा घेतला होता आणि आता मला जायचं होतं. जावयाला सांगायचं कसं? शेवटी रस्त्याच्या कडेला एक पाटी दिसली, म्युझियम अशी. मी ओरडले, "केदार, मला म्युझियम बघायचंय!"

इतिहासाची एवढी ओढ लागलेली सासू बघून तो पोरगा भारावूनच गेला.

मुग्धा उतरली नाही. "तुम्ही या जाऊन," एवढंच म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली. बाळ झोपलं होतं.

दगडी बांधणीचं छोटंसं घर. आमच्या कॉलनीतला गणपतीचा हॉल त्यापेक्षा मोठा असेल. आत एक बाई टेबलाशी बसल्या होत्या, पांढऱ्या केसांची वेणी, जाड स्वेटर, वयानं माझ्याहून मोठ्या. नोरा त्यांचं नाव. मी आधी माझं तातडीचं काम उरकून आले आणि मग, आता उपकार फेडायचे म्हणून, वस्तू बघायला लागले.

माझ्या डोक्यात काय होतं सांगू? पिसांचे मुकुट, धनुष्यबाण, सिनेमातली आरडाओरड. तिथे होत्या टोपल्या. लाकडाच्या पातळ पट्ट्यांच्या विणलेल्या, अंगावर रंगाची पानं आणि टिंबं उठवलेली. लाकडी पळ्या, कठवती. झाडाच्या बुंध्यात कोरलेलं उखळ आणि त्यात दगडी मुसळ. छताला वेणी घालून टांगलेली मक्याची कणसं, अगदी आमच्या देवळ्याच्या ओसरीवर आढ्याला टांगायचो तशी. मी त्या कणसांखाली उभी राहिले आणि मला एकदम भूकच लागली.

केदारला म्हटलं, "विचार ना त्यांना, ही मोहेगन माणसं आता कुठे असतात?"

त्यानं विचारलं. नोराबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "एक तर तुमच्यासमोर उभी आहे. बाकीचे रविवारचे उशिरा उठतात."

केदारचे कान लाल झाले. मी मात्र हसले, कारण टोमणा कुठल्याही भाषेतला असो, मला पोचतो. मग त्याही हसल्या. त्यांनी मला भाजलेल्या मक्याची गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे मका खमंग भाजून उखळात बारीक कुटून ठेवायचे. प्रवासाला निघालेला माणूस कमरेला ते पीठ बांधून निघायचा. पाण्यात कालवलं की जेवण. मी म्हटलं, हे तर आमचं सातूचं पीठ! त्यांनी एका बरणीतलं चमचाभर काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मी डोळे मिटून तोंडात टाकलं. भाजल्याचा तो वास नाकात चढला आणि मला माझी आई दिसली, डोक्यावरचा पदर दातात धरून चुलीशी बसलेली.

"भाजलं की टिकतं," नोराबाई म्हणाल्या. "वर्षभर ठेवा, काही होत नाही."

आणि त्यांच्या घरच्यांनी काय काय टिकवलं होतं! जमीन तुकड्यातुकड्यानं जात होती, बोली बोलणारी शेवटची माणसं जात होती, बाहेरचे लोक लिहून मोकळे झाले होते की आता हे संपले. तेव्हा हे लोक घरातली टोपली घरातच ठेवत होते. फडताळात, कॉटखाली, लेकीच्या हवाली. विकायला मागणारे दारात यायचे, त्यांना चहा पाजून परत पाठवायचे. मी ऐकत होते आणि मला आमच्या कॉलनीतली भंगारवाल्याची हाक आठवत होती. सासूबाईंचा पाटा मी त्याच हाकेला दिला होता, आणि वर "बरं झालं, जागा झाली" असंही म्हटलं होतं.

माझं टोपल्यांकडे निरखून बघणं नोराबाईंच्या लक्षात आलं असावं. त्यांनी कपाट उघडलं, एक छोटी, झाकणाची टोपली काढली आणि माझ्या दोन्ही हातांत दिली. त्यांच्या आजीच्या मावशीनं विणलेली. हलकी किती, तर रिकाम्या अंड्यासारखी. झाकण काढून आत पाहिलं. आतून तिला लाकडाचा जुना, गोडसर वास येत होता. तेवढ्यात केदारनं काहीतरी विचारलं आणि त्या भिंतीवरच्या नकाशाकडे वळल्या.

आता टोपली परत द्यायची. आणि कुणी प्रेमानं हातात दिलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे माझ्या हाताला माझ्या डोक्यापेक्षा जास्त पाठ आहे. शेजारणीनं खीर दिली की तिची वाटी धुऊन त्यात निदान साखर घालून पाठवायची. आई तर म्हणायची, "रिकामी वाटी देशील तर मी हात नाही लावायची तुला." पर्स उघडली. साखर कुठली? बाळंतशोपांचा डबा होता.

बस. मूठभर टाकल्या. झाकण लावलं. नोराबाईंनी टोपली घेतली, पुन्हा कपाटात ठेवली, काच सरकवली. मी वाकून नमस्कार केला.

गाडीत बसून थोडं पुढे गेल्यावर मला राहवेना. कुणाला तरी सांगितल्याशिवाय पुण्य पुरतं लागत नाही. म्हटलं, "मी त्यांची टोपली रिकामी नाही दिली हो परत. शोपा घातल्या."

केदारनं गाडी हळू केली. मग मागून आवाज आला.

"आई, तू म्युझियमच्या टोपलीत खायचं टाकलंस?"

एक आख्खं वाक्य! कर्ता, कर्म, क्रियापद आणि वर राग. मला इतका आनंद झाला की ती रागावलीय हेच मी विसरले.

"अगं, मूठभरच."

"त्याला मीठ असतं, तेल सुटतं खोबऱ्याचं, किडे लागतील. ती टोपली किती जुनी आहे! केदार, गाडी वळव."

केदारनं गाडी वळवली. पण दाराशी आल्यावर त्याचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. "मुग्धा, मी नाही जाणार. मघाशीच आईंनी मला विचारायला लावलं ती माणसं कुठे असतात म्हणून. आता पुन्हा जाऊन हे सांगू?"

"मी जाते," मी म्हटलं.

"तू काय सांगणारेस? कुठल्या भाषेत?" मुग्धानं सुस्कारा टाकला. बाळाला उचललं. गाडीचं दार उघडलं आणि उतरली. पायात घरातल्याच सपाता, केस कसेतरी बांधलेले. मी तिच्या मागे, शाळेत पालकांना बोलावल्यावर पोरगं चालतं तशी.

नोराबाईंनी ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. कपाट उघडलं, टोपली काढली, झाकण काढून आत पाहिलं आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या पाचवीच्या बाई आठवल्या. टेबलावर पांढरा कागद पसरला. टोपली अलगद तिरकी केली. दाणे पडले, पण बरेचसे विणीत अडकून बसले. त्यांनी ड्रॉवरमधून मऊ कुंचला काढला आणि तो मुग्धापुढे धरला.

"माझे डोळे आता बारीक कामाचे नाहीत. तुझ्या आईनं टाकलंय ना? तू काढ." आणि दुसरा हात पुढे करून, "बाळ इकडे दे."

मुग्धानं बाळ दिलं. त्यांनी ते छातीशी धरलं आणि खुर्चीत टेकल्या. माझी मुलगी खिडकीशी वाकून, श्वास रोखून, जुन्या टोपलीच्या विणीतून एकेक शोप कुंचल्यानं सोडवायला लागली. किती तरी दिवसांनी तिचे हात कशात तरी गुंतलेले मी पाहत होते. तीळ निघायचा, शोप निघायची, ओवा मात्र हट्टी. जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यात आलेलं, लहानपणी रांगोळीचे ठिपके काढताना यायचं तसं.

नोराबाईंनी कागदावरची चिमूट नाकाशी नेली. बराच वेळ हुंगली. "हे कशासाठी असतं?"

मुग्धा कामात होती, म्हणून म्हटलं, आपण सांगावं. आपलंही इंग्रजी काही वाईट नाही. "फॉर मिल्क," मी म्हटलं.

"गाईला देता?"

"नो, नो. डॉटर!" आणि मी दोन्ही हातांनी मुग्धाकडे अशी खूण केली की ती इथे लिहिता येणार नाही.

मुग्धाच्या हातातला कुंचला थांबला. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. आणि ती हसत होती. आधी नाकातून, मग तोंडातून, मग टेबलाला धरून. "आई! गाय! तू मला गाय..." पुढचं बोलताच येईना. डोळ्यांतून पाणी. बाळ दचकून जागं झालं आणि रडायला लागलं, त्यावर नोराबाई हसल्या, मी हसले, आणि बाहेर गाडीत बसलेल्या केदारला वाटलं की आत आमच्यावर पोलीस बोलावलेत.

हसणं ओसरल्यावर मुग्धानं डोळे पुसले, बाळाला घेतलं, आणि बाळाला थोपटत नोराबाईंना सगळं समजावून सांगितलं. वाटी रिकामी का देत नाहीत, दिवाळीचा फराळ घरोघर कसा फिरतो, तिची आजी खिरीच्या वाटीतनं गुळाचा खडा कसा पाठवायची. मला त्या बोलण्यातलं निम्मंच कळलं. पण ती बोलत होती. मी कोपऱ्यातल्या उखळाकडे बघत उभी राहिले आणि मनातल्या मनात त्याला हात जोडले. यावेळी मनातल्या मनातच.

नोराबाईंनी कागदावरचे दाणे एका पाकिटात भरले. म्हणाल्या, "हे टाकवत नाही. खिडकीत कुंडी आहे माझ्या, पेरून बघते. पुढच्या आठवड्यात येऊन बघ, उगवलं का."

"येते," मुग्धा म्हणाली.

रात्री मी यांना फोन करून सगळं सांगितलं. हे नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले. म्हणाले, "आम्हांला प्रेसमधून बाहेर पडताना तपासायचे. तुला आत सोडतानाच तपासायला हवं होतं."

पुढच्या रविवारी मुग्धा गेली. मग त्याच्या पुढच्या. आधी केदार न्यायचा, मग ती बाळाला पट्ट्यात बांधून स्वतः गाडी चालवत जायला लागली. औषध चालू होतं, डॉक्टर चालू होत्या. मी लाडवांची सक्ती बंद केली होती आणि कदाचित त्याचाही गुण आला असेल. एकदम काही बदललं नाही. मधे पुन्हा दोन दिवस भिंतीकडे तोंड व्हायचं. पण रविवार आला की उठायची, केस विंचरायची. "बघून येते गं, काही उगवलंय का."

परत आली की मी विचारायचे. "काही दिसतंय?"

"नाही अजून. त्यांनी कुंडी उन्हाच्या बाजूला सरकवलीय."

"थंडी आहे ना गं. वेळ लागतो."

असं मी म्हणायचे. मी! जिनं स्वतःच्या हातानं, कढईत, उलथन्यानं खालीवर करत, तडतड आवाज येईपर्यंत त्या भाजल्या होत्या! ती म्हातारी रोज भाजक्या दाण्यांना पाणी घालते आहे, माझी मुलगी बर्फातनं गाडी चालवत जाऊन मातीकडे बघते आहे, आणि ते कधी उगवणार नाही हे जगात मला एकटीला ठाऊक आहे. सांगावं तर मुग्धाचं जाणं थांबेल. न सांगावं तर एक दिवस ती आशा सोडेल, आणि मग? रोज ठरवायचे, आज सांगते. रोज तिला गाडीची किल्ली शोधताना बघायचे आणि गप्प बसायचे.

मध्यंतरी तिथे जाऊन ती नुसती कुंडी बघत नव्हती. नोराबाईंना जुन्या वस्तूंची धूळ काढायला मदत करायची. कुंचल्याचं काम तिचं ठरूनच गेलं होतं. बाळ उखळाशेजारी चादरीवर पडून कणसांकडे बघत असायचं. ते बाळ म्हणजे आमची ईशा. आता ती हायस्कूलला जाते आणि मी चुकीचं इंग्रजी बोलले की खांदे तिच्या आईसारखेच हलवते.

आज सकाळी मक्याच्या वासानं हे सगळं वर आलं, म्हणून मी मुग्धाला फोन लावला. तिकडे रात्र. म्हटलं, "एक विचारू? त्या शोपा भाजलेल्या होत्या, हे तुला ठाऊक होतं का गं?"

ती हसली. "आई, मी नाशिकची आहे. बाळंतशोपा कच्च्या असतात असं वाटायला मी काय वेडी होते?"

"मग जायचीस कशाला?"

म्हणाली, "त्या बिचाऱ्या इतक्या मनापासून पाणी घालत होत्या. त्यांना कोण सांगणार?"

मी कढई उतरवली. मक्याचे दाणे जरा जास्तच लागले होते. हे आतून ओरडले, "काही करपतंय का?" म्हटलं, "नाही, टिकायचं म्हणून चांगलं भाजतेय."

त्या डिसेंबरात, तिकडून निघण्याच्या आदल्या दिवशी, मी मुग्धाबरोबर टेकडीवर नोराबाईंकडे गेले होते. बर्फ पडलेला, छतावरून पाणी ठिबकत होतं. मुग्धा आत बाळाला पाजत होती. खिडकीत ती कुंडी, माती काळीभोर, ओली, वर एक कोंबही नाही. मला राहवलं नाही. इतके दिवस पाठ केलेलं माझं इंग्रजी मी गोळा केलं आणि नोराबाईंचा हात धरून सांगून टाकलं. माफ करा. हे बी भाजलेलं आहे. मीच भाजलं. हे उगवणार नाही. मी आधी सांगायला हवं होतं.

त्यांनी शांतपणे हातातली झारी ठेवली. आतून येणाऱ्या मुग्धाच्या आवाजाकडे एकदा मान वळवली. ती बाळाला काहीतरी गाणं म्हणत होती, माझ्याच आईचं, चुकीच्या चालीत. मग माझा हात थोपटत, मला कळावं म्हणून अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करत त्या म्हणाल्या, "बाई, मका भाजणाऱ्यांच्या घरातली आहे मी. पहिल्याच दिवशी वासावरून कळलं होतं. पण कुणाला तरी दर आठवड्याला येऊन बघावं लागणार होतं ना, उगवलं का म्हणून!"